दीड फुटी शब्द आणि त्यांची अक्षरे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गेले काही आठवडे शब्दकोड्याच्या खाली एक चौकट येत आहे. तीत एखादा लांबलचक इंग्रजी शब्द, त्यातील अक्षरांची संख्या आणि एका ओळीत त्याचा अर्थ दिलेला असतो. आयुष्याचा बराच काळ मुद्रितशोधनात गेल्यामुळे अक्षरे मोजण्याची खोड मला जडलेलीच आहे, त्यामुळे ही चौकट मी कोड्याच्याही आधी वाचते. मात्र अलीकडच्या दोन चौकटींत माहितीची गफलत झाली आहे आणि शब्दांची निवड करताना केवळ लांबीच पाहिली जाते असे दिसते, म्हणून हे पत्र.

पहिली गफलत 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' या 29 अक्षरी शब्दाची. चौकटीत त्याचा अर्थ 'टाकाऊ वस्तू' असा छापला आहे. हा शब्द वस्तूचे नाव नसून एका कृतीचे नाव आहे: एखादी गोष्ट कवडीमोलाची ठरवणे. लॅटिनमधील चार शब्दांची रूपे त्यात एकापुढे एक ठेवलेली आहेत आणि त्यांचे अर्थ अनुक्रमे लोकरीचा पुंजका, क्षुल्लक चीज, काहीच नाही आणि केस असे आहेत. इंग्लंडमधील विद्यार्थ्यांच्या जुन्या लॅटिन व्याकरणात 'अमुक इतकीही किंमत न देणे' या अर्थाने येणारे हे शब्द एकाच यादीत असत आणि कोणा खट्याळ डोक्याने त्यांची मोळी बांधली. विल्यम शेन्स्टन या कवीच्या 1741 मधील एका पत्रात हा शब्द आढळतो. आपल्याकडे कोणी कवडी, कस्पट, तृण आणि धूळ एकत्र करून 'कवडीकस्पटतृणधूलीकरण' असा शब्द घडवला, तर मराठी वाचकाला त्याचा अर्थही कळेल आणि त्यातली थट्टाही. 'टाकाऊ वस्तू' या भाषांतरात दोन्ही हरवतात. शिवाय या शब्दाची खरी करामत चौकटीत आलीच नाही. त्यात 'आय' हे अक्षर 9 वेळा येते आणि इंग्रजीत सर्वाधिक वापरले जाणारे 'ई' हे अक्षर एकदाही येत नाही.

दुसरी गफलत 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्हॉल्कॅनोकोनिऑसिस' या 45 अक्षरी शब्दाची. ज्वालामुखीतून उडालेली सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे आत गेल्याने होणारा फुप्फुसाचा विकार, हा दिलेला अर्थ बरोबर आहे. परंतु 'डॉक्टरांनी दिलेले नाव' असे जे पुढे म्हटले आहे, ते खरे नाही. अमेरिकेतील कोडेप्रेमींच्या राष्ट्रीय संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी 1935 मध्ये हा शब्द मुद्दाम लांब असावा म्हणूनच रचला आणि पुढे शब्दकोशांनीही त्याला जागा दिली. डॉक्टर अशा विकाराला 'सिलिकोसिस' म्हणतात आणि त्यांचे काम त्यावर भागते. हे सांगितले नाही, तर एखादा विद्यार्थी हा शब्द वैद्यकाचा म्हणून पाठ करत बसेल.

लांब व्हावा म्हणून घडवलेला शब्द आणि गरजेपोटी लांबत गेलेला शब्द यांत फरक करायला हवा. 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम' हा 28 अक्षरी शब्द दुसऱ्या जातीचा आहे आणि त्याचा अर्थ समासाचा विग्रह करावा तसाच उलगडतो. 'एस्टॅब्लिश' म्हणजे प्रस्थापित करणे, इथे चर्चला राज्यसंस्थेचे अधिकृत स्थान देणे. 'डिस' लागला की ते स्थान काढून घेणे, 'मेंट' लागला की त्या कृतीचे नाम, 'एरिअन' लागला की तिचा पुरस्कर्ता, अगदी पुढे 'अँटि' लागला की त्याचा विरोधक आणि शेवटी 'इझम' आला की त्या विरोधाची विचारसरणी. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये हा जिव्हाळ्याचा वाद होता. आयर्लंडमधील अँग्लिकन चर्चचे अधिकृत स्थान 1869 च्या कायद्याने रद्द ठरले आणि 1871 मध्ये तो कायदा अमलात आला. हा संदर्भ चार शब्दांत दिला, तर 28 हा आकडा वाचकाला लक्षात ठेवावाही लागणार नाही. टायटिन या प्रथिनाच्या 1,89,819 अक्षरी रासायनिक नावाबद्दल मात्र मी काही लिहीत नाही. तो शब्द नव्हे, ती घटकांची यादी आहे. फक्त सलग लिहिलेली.

माझा खरा आग्रह पुढे आहे. लांबीपेक्षा अक्षरांची वागणूक अधिक मनोरंजक असते आणि आपली चौकट तिकडे फिरकतच नाही. 'सेन्सलेसनेस' म्हणजे अर्थशून्यता किंवा बेशुद्धपणा. या शब्दात 13 अक्षरे आहेत, पण ती एस, ई, एन आणि एल या चारच अक्षरांच्या आवृत्त्या आहेत. 'स्ट्रेंग्थलेसनेस' म्हणजे बलहीनता. त्याच्या 16 अक्षरांत 'ई' वगळता दुसरा स्वर नाही. उलट 'अनकॉपीराइटेबल', म्हणजे ज्यावर स्वामित्वहक्क घेता येत नाही असे, आणि 'डर्मॅटोग्लिफिक्स', म्हणजे बोटांवरील व तळव्यांवरील रेषांचा अभ्यास, हे दोन्ही शब्द 15 अक्षरी असून त्यांत एकही अक्षर दोनदा येत नाही. 'इंटेस्टाइन्स', म्हणजे आतडी, या शब्दातली पाचही अक्षरे बरोबर दोन दोनदा येतात. 'फसीशस', म्हणजे नको तेथे विनोद करणारा, आणि 'अब्स्टीमिअस', म्हणजे मिताहारी, या दोहोंत ए, ई, आय, ओ, यू हे स्वर वर्णमालेच्या क्रमाने एकेकदा येऊन जातात.

हे वाचताना आपल्या वाचकांना एक अडचण येणार, आणि तीच चौकटीचीही अडचण आहे. आपण इंग्रजी शब्द फक्त देवनागरीत छापता. देवनागरी उच्चार दाखवते, स्पेलिंग दाखवत नाही. 'इंटेस्टाइन्स' असे लिहिले की आयची जोडी 'इ' आणि 'आइ' अशी फाटते आणि शेवटचा मुका 'ई' तर नाहीसाच होतो. फसीशसमधल्या 'ओ'चेही तेच होते. मुळात इंग्रजीत अक्षर म्हणजे सुटा वर्ण आणि आपल्याकडे अक्षर म्हणजे स्वरासकट व्यंजन. म्हणूनच 'रामाला भाला मारा' हे वाक्य आपल्याकडे उलटे वाचले तरी तेच राहते आणि रोमनमध्ये लिहून उलटे केले की कोसळते. क्वचित दोन्ही लिप्या एकमेकींना साथ देतात. 'कॉन्व्हर्सेशन' म्हणजे संभाषण आणि 'कॉन्सर्व्हेशन' म्हणजे संवर्धन, या दोन 12 अक्षरी शब्दांत फक्त व्ही आणि एस यांनी जागा बदलल्या आहेत आणि देवनागरीतही ती अदलाबदल डोळ्यांना दिसते. असे जुळणारे शब्द थोडेच.

तीच अक्षरे घेऊन दुसरा शब्द किंवा वाक्प्रयोग घडवण्याचा खेळ तर स्वतंत्र सदराच्या योग्यतेचा आहे. 'इलेव्हन प्लस टू' आणि 'ट्वेल्व्ह प्लस वन' या दोन्ही बेरजा 13 येतात, दोन्हींत अक्षरे 13 आहेत आणि तीही अगदी तीच! यापेक्षा नेटकी जुळणी माझ्या पाहण्यात नाही. मात्र शब्द लांब असला की या खेळातून काय वाटेल ते निघू शकते. शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकात 'ऑनॉरिफिकॅबिलिट्युडिनिटॅटिबस' हा 27 अक्षरी लॅटिन शब्द येतो. सन्मानास पात्र असण्याची अवस्था असा त्याचा अर्थ असून त्यात व्यंजन आणि स्वर आळीपाळीने येतात. ही नाटके तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने लिहिली असे मानणाऱ्या एका अभ्यासकाने 1910 मध्ये याच अक्षरांतून 'बेकनची अपत्ये असलेली ही नाटके जगासाठी जतन केली आहेत' अशा अर्थाचे लॅटिन वाक्य बाहेर काढले. अक्षरे चोख जुळतात, हे मी मोजून पाहिले आहे. नाटके कोणाची, हा प्रश्न त्यामुळे तसूभरही हलत नाही. हा शब्द त्या नाटकाच्या कितीतरी आधीपासून मध्ययुगीन लॅटिनमध्ये होता.

तेव्हा विनंती अशी की, चौकटीत प्रत्येक शब्द देवनागरीसोबत रोमन लिपीतही छापावा, अर्थाबरोबर विग्रह द्यावा आणि वरील दोन दुरुस्त्या पुढच्या अंकात घ्याव्यात. लांब शब्दांसाठी इंग्रजीत जे विशेषण आहे, 'सेस्क्विपिडेलिअन', त्याचा लॅटिनमधला मूळ अर्थ 'दीड फूट लांबीचा' असा आहे; चौकटीला नाव हवे असल्यास ते वापरता येईल. पुढच्या आठवड्यासाठी एक शब्दही सुचवते. 'सबकॉन्टिनेंटल', अक्षरे 14, अर्थ 'उपखंडाशी संबंधित'. त्यात यू, ओ, आय, ई, ए असे पाचही स्वर उलट्या क्रमाने येतात.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक