आगरकर मोठ्यांच्या कपाटात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचन प्रेरणा दिनाच्या निमित्ताने आपल्या अंकात आलेली पत्रं वाचली. बहुतेकांची तक्रार एकच : मुलं वाचत नाहीत, मोबाइल सोडत नाहीत. पत्रं लिहिणारे सगळे मोठे आहेत. ज्यांच्याविषयी बोलणं चाललंय त्यांच्यातलंही एखादं पत्र असावं म्हणून लिहिते आहे. मी बारावी विज्ञानला आहे, वय सतरा.

१५ ऑक्टोबरला आमच्या कॉलेजातही कलामसरांच्या फोटोला हार घातला. टेबलांवर पुस्तकं मांडली, प्रत्येकाच्या हातात एकेक दिलं, फोटो निघाले, ते ग्रुपवर पडले आणि पुस्तकं मोजून कपाटात गेली. माझ्या वाट्याला शेळीपालनाचं पुस्तक आलं होतं. चांगलं होतं हो, पण जमनापारीपर्यंत पोचले तेवढ्यात गोळा करायला शिपाईमामा आले.

आता माझी खरी तक्रार. आमच्या भागात ‘टेंभू’ म्हटलं की त्या नावाच्या उपसा सिंचन योजनेचं पाणी. आवर्तन कधी सुटणार, आपल्या पोटपाटाला कधी येणार, एवढ्यापुरतं ते नाव तोंडात असतं. कऱ्हाडजवळचं हे टेंभू गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. १८५६ चा जन्म, ‘केसरी’चे पहिले संपादक, १८८८ मध्ये ‘सुधारक’, १८९५ मध्ये मृत्यू, हे परीक्षेपुरतं पाठ होतं. पण या माणसानं लिहिलं काय होतं, ते कुणी सांगितलं नाही. सुटीत त्यांचे निबंध वाचावेत म्हणून गावातल्या वाचनालयात गेले. पुस्तक काचेच्या कपाटात समोर दिसत होतं. पण माझं कार्ड बालविभागाचं. मोठ्यांच्या विभागातलं पुस्तक हवं असेल तर अठरा पूर्ण पाहिजेत, नाहीतर पालकांनी येऊन स्वतःच्या नावावर न्यायचं. “निबंध आहेत गं ते, गोष्टी नाहीत,” असं तिथल्या मॅडमनी समजावलं, अगदी प्रेमानं. पप्पांना विचारलं तर, “आधी ‘नीट’ची परीक्षा काढ, मग काय वाचायचं ते वाच.”

त्याच वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथे महिन्याचे पैसे भरले की माझ्याच वयाच्या मुलामुलींना रात्रीपर्यंत बसता येतं. वय कुणी विचारत नाही. फक्त पुस्तकं आपली आपण न्यायची, आणि ती क्लासची असतात.

मग मी आगरकरांच्या मागे गेले. त्यांच्यावर ज्याचा एवढा प्रभाव, तो जॉन स्टुअर्ट मिल कोण ते शोधलं : एकोणिसाव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ. त्याचं ‘ऑन लिबर्टी’ १८५९ चं, त्यामुळे मोबाइलवर फुकट मिळतं. इंग्रजी जड आहे, एकेक वाक्य संपता संपत नाही. पण मुद्दा साधा आहे : दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजानं एखाद्याला अडवावं, ‘तुझ्याच भल्यासाठी’ हे कारण जबरदस्तीला पुरेसं नाही. आमच्या घरातली निम्मी वाक्यं ‘तुझ्याच भल्यासाठी’नं सुरू होतात, त्यामुळे मी खूश झाले. पुढच्याच परिच्छेदात मिलनं मला बाहेर काढलं. म्हणतो, हे तत्त्व कायद्यानं ठरवलेल्या वयाखालच्या मुलामुलींना लागू नाही. आणि त्याच दमात : मागासलेल्या समाजांनाही नाही, ते समाज अजून अज्ञान वयातच आहेत. म्हणजे मी दोनदा बाद, एकदा सतरा वर्षांची म्हणून आणि एकदा इथली म्हणून.

गंमत पुढे आहे. हाच मिल १८२३ मध्ये लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत कारकून म्हणून लागला तेव्हा नुकता सतरा वर्षांचा झाला होता. पुढे पस्तीस वर्षं तिथूनच हिंदुस्थानच्या कारभाराचे खलिते लिहीत राहिला. इथं कधी आलाही नाही. सतराव्या वर्षी त्याला आमच्या कारभाराच्या कागदांना हात लावता येत होता. मला आगरकरांना लावता येत नाही.

त्याच्या बापाविषयी वाचलं तेव्हा मात्र राग थोडा निवळला. बापानं तिसऱ्या वर्षी ग्रीक सुरू केलं, आठव्या वर्षी लॅटिन. बरोबरीच्या मुलांत खेळणं नाही, सगळं वेळापत्रक बापाच्या हातात. विसाव्या वर्षी पोरगा कोसळला. त्यानं स्वतःला विचारलं, ज्यासाठी हे सगळं चाललंय ते उद्या पूर्ण झालं तर मला आनंद होईल का? उत्तर आलं, नाही. हे त्यानं आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहिलंय, आणि पुढे आपल्याला वर्ड्‌स्वर्थच्या कवितांनी उभारी दिली हेही. मी हा भाग क्लासमधल्या मैत्रिणीला सांगितला. ती बायोलॉजीच्या वहीत आकृती काढत होती. मान वर न करता म्हणाली, “विसाव्या वर्षी? आपल्यापेक्षा बराच टिकला.”

आगरकरांच्या पिढीनंही मिलचा तो परिच्छेद वाचला असणार. त्यांनी परवानगीची वाट पाहिली नाही. ज्या पुस्तकानं आपल्याला वगळलंय त्यातलाच विचार उचलून आपल्या घरातल्या रूढींवर चालवला. लोक इतके चिडले की त्यांच्या हयातीतच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली. वाचून माणूस बिघडतो ही भीती काही मोबाइलबरोबर आलेली नाही. एम. ए. च्या सुमारास त्यांनी आईला लिहिलेलं पत्र तर शाळाशाळांत भाषणाचा विषय असतं : मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल अशी आशा धरू नकोस, मी पोटापुरत्या पैशावर भागवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार. आम्ही टाळ्या वाजवतो. तसलं पत्र आमच्यापैकी कुणी घरी लिहिलं तर त्याच संध्याकाळी मामा-काका बोलावले जातील, समुपदेशकाचा नंबर शोधला जाईल.

मी घरच्यांशी भांडायला बसलेली नाही. फी पप्पा भरतात, त्यासाठी द्राक्षाच्या हंगामात त्यांची काय धावपळ होते ते मी बघते. अठराच्या आधी गिअरची गाडी नको, हेही पटतं. मी चुकले तर रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचा जीव जाईल. निबंध वाचताना चुकले तर कुणाला काय होणार? फार तर घरात जेवताना दोन प्रश्न जास्त विचारीन. १९८८ च्या घटनादुरुस्तीनं मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आणलं, म्हणजे पुढच्या वर्षी मी सरकार निवडण्यात भाग घेणार. त्याआधीची तयारी कुठे करायची? बारावी कला शाखेत तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र हे विषय आहेत, पण विज्ञानवाल्याला त्यांची सावलीही दिसत नाही.

मागणी मोठी नाही. १९६७ च्या कायद्याखाली राज्यातल्या वाचनालयांना अनुदान मिळतं, अ-ब-क-ड वर्ग लागतात. बालविभाग आणि प्रौढ विभाग यांच्यामध्ये आमच्यासाठीही एक जागा असू द्या. चौदा वर्षांपुढच्यांना सर्वसाधारण विभागातलं पुस्तक स्वतःच्या सहीनं नेता यावं. पालकांची सही सभासद होताना एकदा घ्या, हवी तर अनामत थोडी जास्त घ्या, पण प्रत्येक पुस्तकाला बाप बोलावू नका. काही वाचनालयं हे करतही असतील, आमच्याकडे होत नाही.

हे आपल्याकडेच का पाठवते आहे, तर वाचनालयाच्या वार्षिक सभेत सभासदांना सूचना मांडता येतात असं कळलं म्हणून चौकशी केली होती. बालसभासदांना तिथे बोलता येत नाही, असं उत्तर मिळालं.

आपली,
एक बालसभासद, सांगली जिल्हा