खाऱ्या अंड्यांची बरणी

नागपूर

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

बदकाची अंडी खारवायची कृती फोनवर सांगितली तर अर्धी विसरशील, म्हणून लिहून पाठवते. किती दिवस ठेवायची, हे मात्र कॅलेंडर बघून ठरवू नकोस, हवा बघून ठरव. आपल्याकडे दिवाळीनंतर भरलेली बरणी चार ते पाच आठवडे घेते, मार्चात तीनच आठवड्यांत होते. नागपूरच्या मे महिन्यात तर भरूच नये. कूलरवाल्या खोलीतसुद्धा एखादं तडकलेलं अंडं सगळी बरणी नासवतं. पुण्याला तुला चार आठवडे धरायला हरकत नाही.

दहा अंड्यांना एक लिटर पाणी आणि ३०० ग्रॅम खडे मीठ. मीठ वजनावरच घे. वाटीने मोजलं की खड्यांमधल्या पोकळीमुळे कमी पडतं. पाण्यात चक्रीफुलाची दोन फुलं आणि चमचाभर मिरे टाकून उकळ, मीठ विरघळलं की फडक्यातून गाळ (खड्या मिठात माती असतेच) आणि पूर्ण गार होऊ दे. कोमट पाणी ओतलंस तर कवचं तडकतात. चिनी लोक यात शाओशिंग नावाची तांदळाची दारू घालतात. नाही घातली तरी अडत नाही.

अंडी ताजी घे. साध्या पाण्यात सोडून बघ, तरंगलं ते बाजूला. मग हलक्या हाताने धुऊन पूस आणि एकेक अंडं टॉर्चसमोर धरून केसाएवढी चीर दिसते का ते बघ. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालव. बरणी लोणच्याचीच, दोन लिटरची, काचेची किंवा चिनी मातीची. पत्र्याचं झाकण मिठाने गंजतं.

आता गंमत अशी, की साध्या पाण्यात बुडालेली अंडी मिठाच्या पाण्यात सगळीच वर येतात, कारण ते पाणी अंड्यापेक्षा जड असतं. वर राहिलेला भाग खारत नाही. म्हणून झिपच्या पिशवीत तेच मीठपाणी भरून ती वर ठेव. पिशवी गळली तरी बरणीतलं पाणी पातळ होत नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक अंडं कच्चंच फोडून बघ. पांढरं पाण्यासारखं पातळ झालेलं असेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बघायचं ते पिवळं. मीठ त्यातलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते गोटीसारखं घट्ट, नारिंगी होतं. मध्ये पातळ राहिलं असेल तर आणखी एक आठवडा. फार दिवस राहिलं की पांढरं इतकं खारट होतं की जिभेवर धरवत नाही. पाणी गढूळ झालं किंवा कुजका वास आला तर चाखून बघायच्या भानगडीत पडू नकोस, फेकून दे.

झाली की सगळी एकदमच काढ. गार पाण्यात ठेवून गॅस लाव आणि उकळी आल्यावर मंद आचेवर १२ मिनिटं. कच्ची किंवा अर्धी शिजलेली खायची नाहीत. उकडलेली फ्रीजमध्ये आठवडाभर ठेव.

खाताना कवचासकट उभं काप आणि चमच्याने खरवडून घे. चांगल्या अंड्याचं पिवळं रवाळ असतं आणि कापल्यावर सुरीला तेल लागतं. चीनमधल्या च्यांगसू प्रांतातलं गाओयो शहर याच तेलकट पिवळ्यासाठी नावाजलेलं आहे. तिकडे ते भाताच्या पातळ पेजेबरोबर खातात. आपल्याकडे बिनमिठाच्या वरणभाताबरोबर छान लागतं, ज्वारीची भाकरी आणि जवसाच्या चटणीबरोबर त्याहून छान. सावजी रश्श्यात मात्र सोडू नकोस, आधीच तेल-तिखटाचा मारा, त्यात हे मीठ कुठे जिरणार? दोन पिवळी कुस्करून थोड्या तेलात फेस येईपर्यंत परत आणि तळलेल्या कोहळ्याच्या (म्हणजे लाल भोपळ्याच्या) फोडी त्यात घोळ, वरून मीठ घालू नकोस.

आणि दहा हवी असतील तर बारा भर, मीठपाणीही त्या मानाने वाढव. दोन तरी बघण्यातच जातात.

तुझी,
आई