ऑनलाइन तास ठरवण्याआधी शिकवणाऱ्यांना विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयातले काही तास कायमचे ऑनलाइन घ्यावेत, ही चर्चा प्राध्यापकांच्या खोलीत अधूनमधून पुन्हा निघते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मे २०२१ मधल्या मसुद्यात प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली होती, तिचा हवाला दिला जातो. कोविडच्या काळात मी पदवीच्या वर्गांना मराठी ऑनलाइन शिकवले आहे. म्हणून कळकळीने लिहिते.

भुजंगप्रयात वृत्त शिकवताना मी फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा करते आणि मग अख्खा वर्ग ताल धरून चरण म्हणतो. चार य गण, बारा अक्षरे. एकदा कानात बसले की व्याख्या पाठ करावी लागत नाही. ऑनलाइन तासाला सगळ्यांना माइक सुरू करायला सांगितले, तर प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी पोचला. कोणी दुसऱ्या गणावर, कोणी चरण संपवून गप्प, मधेच कोणाच्या तरी घरचा कुत्रा. शेवटी सगळ्यांचे माइक बंद करून मी एकटीच म्हणत राहिले. त्या वर्षी उत्तरपत्रिकांत व्याख्या बिनचूक आल्या, पण दिलेल्या ओळीचे गण पाडणे बऱ्याच जणांना जमले नाही.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला एक विद्यार्थी रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसायचा. त्याने माइक सुरू केला की छत्रीवर पडणारा पाऊस ऐकू यायचा. "मॅडम, आवाज येना," म्हणायचा आणि गायब व्हायचा. थोड्या वेळाने परत यायचा. हजेरीत तो उपस्थित आहे. त्याला त्यातले किती समजले, ते मला आजही सांगता येणार नाही. समोर बसलेला असता तर त्याच्या कपाळावरची आठी बघून मी उदाहरण बदलले असते. मला पडद्यावर फक्त त्याच्या नावाचे आद्याक्षर दिसत होते.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आले तेव्हा तर वीजही गेली. लेक्चर बेसिसवरच्या, म्हणजे तासांप्रमाणे मानधन मिळणाऱ्या, माझ्या सहकाऱ्यांनी त्या काळात मोबाइलच्या डेटाचा खर्च स्वतःच्या खिशातून केला, त्याची कुठे नोंद नाही.

ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांचा उपयोग झाला, हे खरे आहे. उच्च शिक्षण संचालनालयाच्या 'दिष्टावो' उपक्रमातली व्याख्याने मुलांना हवी तेव्हा परत ऐकता येतात. संध्याकाळी दुकानात काम करणारी माझी एक विद्यार्थिनी रात्री जेवण आटोपून ती ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी नेमके प्रश्न विचारायची. हे जरूर वाढवावे. पण ही व्याख्याने तासाला जोड म्हणून होती. तास कापून त्या जागी ती बसवणे वेगळे.

माझी विनंती एवढीच, की कोणत्या विषयाचा कोणता भाग ऑनलाइन चालेल, हे तो विषय शिकवणाऱ्यांना विचारून ठरवावे. साखळी, केपे, पेडणे, काणकोण इथल्या महाविद्यालयांतले अध्यापक हे ठरवणाऱ्या बैठकीत हवेत, आणि लेक्चर बेसिसवर असलेलेसुद्धा. त्यांच्यापुढे टेकडीवर बसून शिकलेली मुले होती.

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका, फोंडा