मण्याइतकीच त्याची जागाही जपा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या रेप्टन गावी सापडलेल्या अकीकाच्या, म्हणजे लाल-नारिंगी शोभेच्या दगडाच्या मण्यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. आपल्या भागातला दगड अकराशे वर्षांपूर्वी व्हायकिंगांच्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी आक्रमकांच्या हाती लागून थेट इंग्लंडात पोहोचला, ही हकिगत मराठी वाचकांपुढे आणल्याबद्दल मनापासून आभार. पण लेखाचा सगळा जोर ‘भारताचा मणी’ या अभिमानावर राहिला आणि शेवटच्या चौकटीत नऊ फुटी सांगाड्याची कथा देऊन तो आटोपला. एवढासा मणी इतके सांगू कसा शकला, हे सांगायचे राहूनच गेले. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, माझे गाव धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या प्राचीन गावाच्या पंचक्रोशीतले, आणि मुलगी डर्बीला असल्यामुळे रेप्टन डोळ्यांनी पाहून आले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते. पत्र लांबले तरी कृपया मधला भाग गाळू नये.

रेप्टन हे डर्बीशायरमधले ट्रेंट नदीकाठचे छोटे गाव. आठव्या-नवव्या शतकात मर्सिया या मध्य इंग्लंडातल्या राज्याचे राजघराणे आपली माणसे इथे पुरत असे. ७५७ मध्ये मारला गेलेला राजा एथेलबाल्ड इथेच पुरलेला. सेंट विस्टन चर्चच्या पोटात त्या काळातले दगडी तळघर अजून शाबूत आहे. छत इतके खाली की उंच माणसाला दबकायला होते. मध्ये चार खांब, आणि प्रत्येक खांबाला दोरी गुंडाळावी तशी वर चढत गेलेली दगडातली पट्टी. हे तळघर लोकांच्या विस्मरणात गेले होते. १७७९ मध्ये थडगे खणता खणता एक मजूर त्यात कोसळला आणि ते पुन्हा उजेडात आले.

या चर्चच्या पश्चिमेला व्हिकरेजची, म्हणजे तिथल्या धर्मगुरूच्या घराची बाग आहे. तो नऊ फुटी सांगाडा याच बागेतल्या उंचवट्यातला. १६८६ च्या सुमारास थॉमस वॉकर नावाच्या मजुराला तिथे खणताना जुन्या भिंती लागल्या. आत दगडी शवपेटी, पेटीत नऊ फूट लांबीचा सांगाडा, आणि पेटीकडे पाय करून भोवती निजवलेले शंभर सांगाडे, असे त्याचे म्हणणे. पण त्याने हे डॉ. सायमन डेग यांना सांगितले ते १७२७ मध्ये, चाळीस वर्षांनी, म्हातारपणी. त्या सांगाड्याची कवटी त्याने गावच्या शाळामास्तरांना देऊन टाकली होती आणि पुढे तिचा पत्ता लागला नाही. मोजायला हाड नाही, पाहायला पेटी नाही. उरली ती आठवण. अशी गोष्ट आपण चौकटीत छापली की शाळकरी मुलांच्या डोक्यात तेवढा राक्षसच राहतो. आणि खरी हकिगत त्याहून कितीतरी विलक्षण आहे.

मार्टिन बिडल आणि त्यांच्या पत्नी बिर्थे क्योल्बी-बिडल यांनी १९७४ ते १९८८ या काळात रेप्टनला उत्खनन केले. बागेतला उंचवटा त्यांनी पुन्हा उघडला. खाली दोन खोल्यांची जुनी दगडी वास्तू निघाली. ती जमिनीपर्यंत उतरवून एका खोलीत माणसांची हाडे रचलेली होती. अख्खे सांगाडे नव्हेत, दुसरीकडून आणून नीट रचलेली हाडे. किमान २६४ माणसांची. स्त्री की पुरुष हे ज्यांच्याबाबत ठरवता आले, त्यांत दर पाचांमागे चार पुरुष आणि एक बाई. हाडांबरोबर एक कुऱ्हाड, सुऱ्या आणि ८७२ ते ८७५ च्या दरम्यानची चांदीची पाच नाणी मिळाली. जवळच्याच एका खड्ड्यात आठ ते अठरा वयाची चार मुले एकत्र पुरलेली होती आणि त्यांच्या पायाशी मेंढीचा जबडा ठेवलेला होता. ती मुले कशी गेली, याबद्दल बरेच तर्क आहेत. त्या खड्ड्याचा आराखडा पाहताना माझ्याने फार वेळ पाहवले नाही.

अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल, म्हणजे तिथल्या लोकांची बखर, सांगते की व्हायकिंगांच्या मोठ्या सैन्याने ८७३-७४ चा हिवाळा रेप्टनला काढला, मर्सियाचा राजा बर्गरेड याला देशोधडीला लावले आणि त्याच्या जागी केओलवुल्फ नावाचा आपल्या सोयीचा राजा बसवला. बर्गरेड रोमला गेला आणि तिथेच वारला. बखर आणि नाणी असा मेळ बसला होता. चर्चच्या उत्तरेला एका योद्ध्याचे थडगेही मिळाले होते: गळ्यात व्हायकिंगांचा देव थॉर याचा चांदीचा हातोडा, बाजूला तलवार, मांडीच्या हाडावर खोल वार, दोन्ही मांड्यांमध्ये रानडुकराचा सुळा. शेजारी एक तरुण. ते दोघे बहुधा बाप-लेक असल्याचे पुढे डीएनएवरून दिसले.

तरीही सगळे जुळेना. हाडांचा काळ सांगणाऱ्या कार्बन-१४ च्या चाचणीत बागेतली काही हाडे सातव्या-आठव्या शतकातली निघाली. मग ती व्हायकिंगांची कशी? ती मर्सियाचीच जुनी माणसे असतील, आक्रमकांनी त्यांची थडगी उपसून हाडे एकत्र केली असतील, असा आक्षेप आला आणि कित्येक वर्षे वाद तसाच राहिला. तो सुटला २०१८ मध्ये. ब्रिस्टल विद्यापीठात संशोधन करणाऱ्या कॅट जार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच हाडे पुन्हा तपासली. समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्या कार्बनपेक्षा जुना असतो. मासळीवर वाढलेल्या माणसाच्या हाडात तोच उतरतो आणि चाचणीत तो माणूस खऱ्या काळापेक्षा शेकडो वर्षे आधीचा वाटू शकतो. कोणी किती मासळी खाल्ली होती, हे हाडातल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्यांच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून कळते. ती दुरुस्ती केल्यावर सगळ्या तारखा नवव्या शतकाशी सुसंगत ठरल्या. यासाठी नवे खणावे लागले नाही. आधी खणलेले नीट नोंदवून, नाव घालून, खोक्यांत जपून ठेवले होते, म्हणून हे झाले.

मणीही असाच. तो सापडला १९८२ मध्ये, त्या हाडांच्या राशीत. छोटासा, नारिंगी, आरपार उजेड जाणारा. पुढे तीसेक वर्षांनी जार्मन यांच्या हाती आला आणि त्याचा माग काढत त्या पूर्वेकडच्या नद्या, बगदाद आणि बहुधा गुजरातपर्यंत पोहोचल्या. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणी आणि खंभातचे कारागीर आजही प्रसिद्ध आहेत. हा दगड घडतो तो दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत. लाव्हा थंड होताना राहिलेल्या बुडबुड्यांच्या जागी सिलिका साचत जाते. नदीनाले तो कातळ झिजवतात, गारगोट्या वाहून गाळात जाऊन बसतात. त्या खणून काढायच्या, उन्हात वाळवायच्या, मडक्यात घालून मंद आचेवर भाजायच्या. आतल्या लोहामुळे दगड लाल-नारिंगी होतो. माझ्या शेताच्या बांधावरचा कातळ त्याच लाव्हाचा आहे. त्यामुळे लेखकाला वाटलेला अभिमान मला परका नाही.

पण हाच मणी कोणी बागेतून उचलून खिशात घातला असता तर? तसला मणी कुठल्याही काळातला आणि कुठलाही असू शकतो. २६४ माणसांच्या हाडांत, ८७२-८७५ च्या नाण्यांजवळ तो होता हे कागदावर आहे, म्हणूनच तो व्हायकिंगांचा मणी.

याची उलटी बाजूही त्याच काळातली आहे. २०१५ मध्ये हेरेफर्डशायरमध्ये लेमस्टरजवळ धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या दोघांना व्हायकिंगांचा दागिन्या-नाण्यांचा ठेवा मिळाला. त्यांनी तो कळवला नाही, परस्पर विकायला काढला. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. ठेव्यात ३०० च्या आसपास नाणी असावीत असा अंदाज आहे. त्यांतली तेव्हा जेमतेम तीसेक परत मिळाली. आणि ती कोणती? रेप्टनच्या हिवाळ्यानंतर गादीवर बसवलेला तो केओलवुल्फ आणि वेसेक्स या दक्षिणेकडच्या राज्याचा राजा आल्फ्रेड यांची! काही नाण्यांवर दोन राजे शेजारी शेजारी बसलेले आहेत. बखरीने मूर्ख ठरवलेला हा माणूस आल्फ्रेडच्या बरोबरीने नाणी पाडत होता, असे त्यावरून दिसते. तो ठेवा कशात ठेवला होता, कोणती नाणी कोणाबरोबर होती, किती होती, हे सांगणारा पुरावा त्या दोघांनी नाहीसा केला. बागेतल्या पाच नाण्यांनी जेवढे सांगितले, तेवढे या सोन्या-चांदीला सांगता आले नाही.

आता आपल्याकडे येते. तेर, पैठण, भोकरदन, नेवासे इथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडांत अकीकाचे मणी सापडतात, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गाड्या भरून अकीकासारखे दगड भरूचला जात असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे रेप्टनच्या मण्याआधी आठशे वर्षे हा व्यापार आमच्या दारावरून चालू होता. आणि आमच्या टेकाडांचे काय चालले आहे? पांढरीची माती शेतात टाकायला आणि धाब्याच्या घरांवर घालायला पिढ्यान्‌पिढ्या नेली. ते गरजेपोटी होते, त्यात कोणाला दोष देणार? पण आता पावसाळ्यानंतर मणी वेचणारे येतात, पोरांच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवतात आणि निघून जातात. शहरातल्या संग्राहकाच्या कपाटात ते मणी पोहोचतात तेव्हा त्यांवर ‘तेर’ एवढाच शब्द उरतो, कधी तोही नाही. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरमध्येच राहून गावाच्या वस्तू गावासाठी जपल्या, त्यातून तिथले संग्रहालय उभे राहिले. तसा माणूस प्रत्येक गावाला कुठून मिळणार?

इंग्लंडमध्ये १९९६ चा ठेव्यांविषयीचा कायदा आहेच. पण त्याच्या जोडीला १९९७ पासून साध्यासुध्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची योजना सुरू झाली, ती मला जास्त मोलाची वाटते. यासाठी ठिकठिकाणी अधिकारी आहेत. शेतात काही सापडले तर माणूस त्यांच्याकडे जातो; वस्तू कुठे मिळाली ते ठिकाण, वजन, छायाचित्र नोंदले जाते आणि ठेवा ठरत नसेल तर वस्तू त्याची त्याला परत मिळते. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांवरच्या मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. पण शेतकरी कळवत नाही, कारण त्याला वाटते की जमीन जाईल आणि कचेरीचे खेटे मागे लागतील. मातीच्या खापराला आणि फुटक्या मण्याला मोल किती, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाने निदान तेर, पैठण, भोकरदन आणि नेवासे या चार ठिकाणी अशी नोंद सुरू करावी: वस्तू ज्याची त्याला परत, जमिनीला हात नाही, फक्त गट क्रमांक, खोली आणि छायाचित्र लिहून घ्यायचे. गावातली माध्यमिक शाळा हे काम सहज करू शकेल. मी निवृत्त आहे; आमच्या गावापुरते वहीत नोंदी ठेवायचे काम करायला आजही तयार आहे. आपणही पुरवणीतली एक चौकट यासाठी द्यावी. पांढरीत काही दिसले तर ते जागेवरून न हलवता कोणाला कळवायचे, त्या कार्यालयांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक जिल्हावार छापावेत.

कळावे,
आपली नियमित वाचक,
निवृत्त भूगोल शिक्षिका, जि. धाराशिव