तंबोऱ्याची गवसणी काढून ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका पालकांचं पत्र वाचलं. मुलगी गाण्यात विशारद झाली, नोकरीला लागली आणि तंबोरा कपाटावर गेला. 'तिला आता वेळच मिळत नाही,' असं त्यांनी कळवळून लिहिलं होतं. ते वाचून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

मी मिरजेत परिचारिका आहे. तीस वर्षं पाळ्या करते आहे. विशारद मीही केलं, तेही नोकरी सांभाळून. तिकीट काढून माझं गाणं कुणी ऐकलेलं नाही आणि तशी मला आसही नाही. पण रियाज सुटलेला नाही.

सुरुवातीची काही वर्षं मी तासाभराच्या हिशेबाने बसायचे. तास मिळाला नाही की त्या दिवशी काहीच नाही. असे आठवडेच्या आठवडे कोरडे जायचे. आमच्या गाण्याच्या बाई एकदा म्हणाल्या, "अगं, देवापुढे दिवा लावायला तुला तास लागतो का?" तेव्हापासून वीस मिनिटं धरली. पाळ्यांच्या नोकरीत घड्याळाची वेळ पाळता येत नाही, म्हणून मी क्रम पाळते. आधी आंघोळ, मग तंबोरा, मग बाकी सगळं. दिवसपाळी असली तर पहाटे पाचला. रात्रपाळी असली तर घरी आल्यावर, झोपायच्या आधी.

त्यातली दहा मिनिटं खर्जाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वरांना जातात. उरलेल्या दहांत एकच राग, आणि तो महिनोन् महिने. दिवाळीपासून तोडीच चालू आहे. तोडीचा गंधार, म्हणजे 'ग', नेहमीच्या कोमल गंधाराहून आणखी जरासा उतरलेला असतो. तो धरायला गेलं की निसटतो. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो लागला आणि तंबोऱ्यात असा मिसळला की माझा आवाज मला वेगळा ऐकूच येईना. चार-पाच सेकंदच असतील. रोज एक ओळ लिहायची वही आहे माझी. तिच्यात त्या दिवशी 'ग लागला' एवढंच आहे. कंटाळा आला की मी ते पान काढून बघते.

खंडही पडला आहे. 2020 च्या साथीत सात महिने तोंडातून सूर निघाला नाही. घरी आल्यावर बोलायचंही त्राण नसायचं. पुन्हा बसले तेव्हा काळी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून गाणारा माझा आवाज वर जाईना. वयही झालं होतं. फार रडू आलं. शेवटी तंबोरा काळी चारला उतरवला, तर तारा फरफरू लागल्या. मग तो वाद्यं घडवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत नेला. कारागिराने तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवून जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, नव्याने काढली. तारेखालचं सूत ते केसभर पुढे, केसभर मागे सरकवत होते. एका जागी हात थांबला आणि इतका वेळ मुकी असलेली तार भरून बोलू लागली. त्या संध्याकाळी मी फक्त षड्ज, म्हणजे सा, लावत बसले.

शास्त्रीय गाणं सर्वसामान्यांपर्यंत नेणाऱ्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1931 मध्ये याच गावात देह ठेवला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज गावोगावची मुलं देतात. परीक्षेनेच मला शिस्त लावली, तिला मी नावं ठेवणार नाही. पण विशारदच्या निकालानंतर उद्या गळा कशासाठी उघडायचा, याचं उत्तर कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. ते घरच्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी मुलांशी आधीच बोलायला हवं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ऊर भरून आला. पण तोच तंबोरा घराघरांत कपाटावर पडून राहणार असेल, तर तो घडवणाऱ्यांचे हात किती दिवस चालतील?

एकटीने टिकणं अवघड जातं, हेही खरं. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी माझ्याकडे तिघीजणी येतात. एक शिक्षिका, एक पोळ्या लाटून देणारी, एक नुकतीच बाळंत झालेली. ती गाताना बाळ आम्ही आळीपाळीने घेतो. प्रत्येकीने पंधरा मिनिटं गायचं. मोबाइल बाहेरच्या खोलीत. कौतुक नाही, चुकाही काढायच्या नाहीत. मग चहा.

त्या पालकांना एकच विनंती आहे. मुलीला काही बोलू नका. तंबोरा कपाटावरून खाली आणा, गवसणी काढा आणि तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर कोपऱ्यात उभा करा. माझा स्वयंपाकघराच्या दाराशी असतो. जाता-येता हात लागतो आणि तार वाजते. तारा गंजल्या असतील तर आधी बदलून घ्या.

– एक परिचारिका, मिरज
(कृपया नाव छापू नये.)