रविवारची कान्हेरी ट्रिप, नीट वाचा

मंडळी, येत्या रविवारी कान्हेरी लेणी नक्की. लेणी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आहेत आणि सोमवारी पार्क बंद असतं, त्यामुळे "सोमवारी करू ना" हा विषय परत काढू नका.

सकाळी ७ ला बोरिवली स्टेशन, पूर्वेला. ७:१५ ला निघणार म्हणजे निघणार, मागच्या वेळी एकासाठी पाऊण तास उभे होतो.

- नॅशनल पार्कच्या गेटवर एक तिकीट आणि वर लेण्यांचं वेगळं, दोन्ही आपापलं काढायचं
- गेटपासून लेणी ६-७ किमी आत आहेत, चालणाऱ्यांनी आधी सांगा
- प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या नकोत, स्टीलची बाटली आणा
- खाणं हातात धरून फिरू नका, माकडं सोडत नाहीत, गेल्या वेळी पोह्यांचा डबा झाकण उघडून खाल्लाय त्यांनी!

लेणी शंभराच्या वर आहेत, सगळी होणार नाहीत. ३ नंबरचं चैत्यगृह (स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह) आणि दोन्ही बाजूंच्या उंच बुद्धमूर्ती बघायच्या, मग ९० नंबरला जायचं, तिथे पारशी लोकांनी इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरलेले लेख आहेत. जाताना पाण्याच्या पोढ्या, म्हणजे खडकात कोरलेली टाकी, तीही बघा, डोंगरावरचं पाणी पन्हाळी कोरून त्यात आणलंय.

दम उरला तर परतताना बोरिवली पश्चिमेला मंडपेश्वर लेणी.

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत नाव टाका. नुसता अंगठा चालणार नाही.