थेट विचारून कल कळत नाही

संपादक महोदय,

कार्यालयांत हल्ली स्त्री-पुरुष समानतेची सर्वेक्षणे होतात आणि ‘आमच्याकडे भेदभाव नाही’ असे जाहीर केले जाते. प्रश्नावल्या पाहिल्या की काळजी वाटते. ‘वरिष्ठ म्हणून महिला चालेल का?’ असे सरळच विचारायचे आणि वर कर्मचारी क्रमांकही लिहायला लावायचा. मग ‘नाही’ कोण लिहील?

यावरचा मार्ग जुनाच आहे. मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया शाइन यांनी १९७३ मध्ये स्वभाववर्णनाच्या ९२ शब्दांची एकच यादी तीन गटांना वाटली. एकाने ती ‘यशस्वी मॅनेजर’ डोळ्यांसमोर ठेवून भरायची, दुसऱ्याने ‘पुरुष’, तिसऱ्याने ‘स्त्री’. तो शब्द किती लागू पडतो, यासाठी प्रत्येक शब्दापुढे १ ते ५ पैकी एक आकडा. बाकीच्या याद्यांचा पत्ता नसल्याने उत्तर सावरून देता येत नाही. तेव्हा मॅनेजरचे चित्र पुरुषाच्या चित्राशी जुळले. १९८९ च्या पाहणीत महिला मॅनेजरांच्या उत्तरांत हा कल उरला नव्हता, पुरुषांच्या उत्तरांत तो कायम होता. दोघांची उत्तरे मिसळून सरासरी काढली तर नेमके हेच पुसले जाते. याद्या वाटायच्या त्याही चिठ्ठ्या टाकून. विभागवार वाटल्या तर विभागांमधला फरकच कल म्हणून वाचला जाईल.

पण प्रश्नावलीवर थांबू नये. गेल्या तीन वर्षांत बजेटची जबाबदारी, ग्राहकापुढचे सादरीकरण, बाहेरगावचा प्रकल्प कुणाला मिळाला आणि बैठकीचे इतिवृत्त, समारंभाची तयारी कुणाकडे गेली, याचा तक्ता करावा. ‘मूल लहान आहे, तिला कशाला दगदग’ हे वाक्य मायेनेच म्हटलेले असते, म्हणून कुणाला खटकत नाही. ग्लिक आणि फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये स्त्रियांविषयीचे पूर्वग्रह मोजायला २२ विधानांची मापनश्रेणी केली, त्यातली निम्मी अशाच आपुलकीच्या भेदभावाची आहेत. तिला न विचारताच काम दुसऱ्याकडे जाते आणि पुढे बढतीच्या समितीत तिचा ‘अनुभव कमी’ ठरतो. आमच्या मते सर्वात मोठे नुकसान इथेच होते. त्या तक्त्यात आणखी एक रकाना हवा: काम दुसऱ्याकडे देण्याआधी तिला विचारले होते का?

प्रसूती रजेच्या वर्षाचे मूल्यांकन हजर महिन्यांच्या कामावरच व्हावे. आणि राजीनामा दिलेल्यांनाही प्रश्नावली पाठवावी, तीही काही महिने उलटल्यावर. अनुभवपत्र हाती पडेपर्यंत कुणी मोकळेपणाने लिहीत नाही.

– कार्यस्थळ-संशोधनातील काही अभ्यासक